परदेशातल्या मोठ्या शहरात हॉटेल निवडताना: आधी स्टेशन, मग गल्ली, मग खिडकी

ठाण्यात फ्लॅट घ्यायला निघालेला माणूस एजंटाचा जीव खातो. स्टेशन चालत किती मिनिटं? रात्री साडेअकराला रिक्षा मिळते का? बाल्कनी घोडबंदर रोडकडे की मागच्या बाजूला? खालच्या गाळ्यात काय येणार, बँक की बार? शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टॉवर कधी उठणार? एकदा संध्याकाळी आणि एकदा रविवारी जाऊन बघतो, वॉचमनशी बोलतो, मग टोकन देतो. हाच माणूस लंडन, पॅरिस किंवा टोकियोतलं हॉटेल मात्र ‘सेंट्रल लोकेशन’, ‘रेटिंग ८.३’ आणि फुकट नाश्ता एवढं वाचून जेवता जेवता बुक करून टाकतो.

खरं तर प्रश्न तेच विचारायचे असतात, आणि त्यांची उत्तरं घरबसल्या, फोनवर मिळतात. दीड-दोन तास लागतात. विमानाच्या तिकिटानंतर सगळ्यात जास्त पैसे हॉटेलवरच जातात, तेव्हा एवढा वेळ द्यायला हरकत नाही. क्रम मात्र पाळायचा. आधी स्टेशन, मग गल्ली, मग इमारत, शेवटी खोली. बुकिंगची ॲप्स आपल्याला उलट चालवतात. ती आधी भाव दाखवतात, मग पलंगाचा फोटो, आणि नकाशा कुठेतरी खाली. त्यामुळे पहिली दोन पावलं ॲपमध्ये टाकूच नका, ती नकाशावर टाका.

शहराचा मध्य शोधू नका

मोठ्या शहराला एक मध्य नसतो. ‘सिटी सेंटरपासून १.२ किलोमीटर’ असं ॲप सांगतं तेव्हा ते कुठल्या तरी चौकापासून सरळ रेषेत मोजलेलं अंतर असतं. मधे नदी आहे, रेल्वेचे रूळ आहेत की चढ आहे, याचा त्यात विचार नसतो.

गूगल मॅप्स उघडा आणि जिथे नक्की जायचं आहे अशा जागांवर खूण करा. विमानतळ, पुढच्या शहराला जाणारी गाडी जिथून सुटते ते स्टेशन, आणि बघायच्या जागा. पंधरावीस खुणा झाल्या की त्यांचे दोन-तीन पुंजके दिसतात. मग मेट्रोचा नकाशा शेजारी ठेवा आणि या पुंजक्यांना बिनबदलीचं, किंवा फार तर एका बदलीचं, पडेल असं स्टेशन शोधा. विमानतळाची गाडी त्याच स्टेशनवर येत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण बॅगांसकट गाडी बदलणं हे प्रवासातलं सगळ्यात कंटाळवाणं काम.

लंडनचं घ्या. हीथ्रोहून पिकॅडिली लाइन आणि एलिझाबेथ लाइन अशा दोन नेहमीच्या गाड्या शहरात येतात. पिकॅडिलीवर अर्ल्स कोर्ट, ग्लॉस्टर रोड, साउथ केन्सिंग्टन, रसेल स्क्वेअर, किंग्ज क्रॉस ही स्टेशनं लागतात. ती गाडी स्वस्त, पण वेळ खाते. एलिझाबेथ लाइनचा शहराखालचा भाग २०२२ साली सुरू झाला. पॅडिंग्टन, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट ही स्टेशनं तिच्यावर आहेत आणि तिच्या प्रत्येक स्टेशनवर रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता जाता येतं. बरोबर आईवडील असतील तर मी डोळे मिटून दुसरी निवडीन.

पॅरिसला शार्ल द गॉल विमानतळावरून आरईआर बी ही लोकल गार द्यु नॉर, शातले, सें मिशेल, लुक्सांबूर करत दक्षिणेकडे जाते. ओर्ली विमानतळाला जून २०२४ पासून मेट्रोची १४ नंबरची लाइन पोचली आहे. १४ नंबरला लिफ्ट आहेत. जुन्या लाइनींवरच्या बहुतेक स्टेशनांवर मात्र जिनेच जिने, आणि तेही मधेच वळून पुन्हा चढणारे. नेरुळच्या एका मैत्रिणीच्या आईचे गुडघे आयफेल टॉवरने नाही, मेट्रोने दुखवले. पॅरिसला ज्येष्ठांसोबत जाणार असाल तर बसचा थांबा जवळ असलेलं हॉटेल बघा, बस वरून जाते आणि शहरही दिसतं.

टोकियोत यामानोते ही गोल फिरणारी लाइन आहे. स्टेशनं ३०, पूर्ण फेरीला साधारण एक तास. नरिता विमानतळावरून केइसेइ स्कायलायनर निप्पोरी आणि उएनोला येते, हानेदाहून मोनोरेल हामामात्सुचोला. तेव्हा कुठल्या विमानतळावर उतरणार त्यावरून बाजू ठरवा. शिंजुकुला राहायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्या स्टेशनला दोनशेहून जास्त दारं आहेत. ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ म्हणजे कुठल्या दारापासून, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. मला उएनोशेजारचं ओकाचिमाची जास्त पटतं. तिथे दागिन्यांचा आणि हिऱ्यांचा बाजार आहे, त्यामुळे आपल्याकडचे व्यापारी येऊन-जाऊन असतात आणि शुद्ध शाकाहारी भारतीय जेवण मिळतं. टोकियोत ही मोठी चैन आहे.

बँकॉकला स्कायट्रेन १९९९ मध्ये आली आणि तेव्हापासून हॉटेलं तिच्या नावावर विकली जातात. इथे गल्लीला सोय म्हणतात. सुखुमवित रस्त्याच्या उत्तर बाजूच्या सोयना विषम नंबर, दक्षिण बाजूच्या सोयना सम नंबर. सोय लांबच लांब असतात. ‘असोकजवळ’ (असोक हे तिथलं स्कायट्रेनचं स्टेशन) लिहिलेलं हॉटेल सोयच्या तोंडाशी असेल किंवा किलोमीटरभर आत, आणि आत असलं की दर वेळी दुचाकी टॅक्सी किंवा हॉटेलची छोटी गाडी शोधा.

दुबईत एक वेगळीच गोष्ट. नकाशावरचे ६०० मीटर जानेवारीत ६०० मीटर असतात. जून ते सप्टेंबरमध्ये तेच अंतर दुपारी चालवत नाही. तिथे मेट्रोच्या दारातलंच हॉटेल हवं, किंवा टॅक्सीचा खर्च आधीच धरावा.

चालायचं अंतर स्वतः मोजा. नकाशावर स्टेशनचं बाहेर पडायचं दार ते हॉटेलचं दार असा पायी रस्ता काढा. सात-आठ मिनिटांच्या आत असेल तर उत्तम, बाराच्या पुढे गेलं की दिवसाअखेर पाय बोलायला लागतात. इस्तंबूल, लिस्बन, हाँगकाँग अशा चढउताराच्या शहरांत पायी रस्त्याखाली दिसणारा चढाचा आलेखही बघा.

आणि मोठ्या रेल्वे स्टेशनच्या अगदी दारात शक्यतो नको. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनसमोरचा भाग नशेबाजांमुळे कुप्रसिद्ध आहे, पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनचा परिसरही रात्री फारसा सुखाचा नाही. त्या स्टेशनपासून मेट्रोने एक-दोन स्टेशनं पुढे गेलं की भाव तोच राहतो आणि वस्ती बदलते.

‘लांब राहू, स्वस्त पडेल’ हा हिशेबही एकदा कागदावर मांडा. समजा बाहेरचं हॉटेल रात्रीला अडीच हजारांनी स्वस्त आहे. चार माणसांचं जाण्यायेण्याचं वाढीव भाडं, दुपारी परत येऊन तासभर पडता न आल्यामुळे बाहेरच घेतलेली कॉफी आणि खाणं, रात्री उशीर झाला तर टॅक्सी, हे सगळं त्यातून वजा करा. बऱ्याचदा वाचलेले पैसे संध्याकाळपर्यंत संपलेले असतात. ग्रुप टूरची हॉटेलं शहराबाहेर असतात कारण त्यांना बस उभी करायला जागा लागते, आणि त्यांच्या माणसांना बस दारात सोडते. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर आहे. आपण आपले फिरणार असू तर तो आपल्या कामाचा नाही.

गल्ली: शंभर मीटरचं वर्तुळ

स्टेशन ठरलं की आता ॲप उघडायला हरकत नाही. स्टेशनभोवतीची पाच-सहा हॉटेलं निवडा आणि प्रत्येकासाठी पुन्हा नकाशावर या. स्ट्रीट व्ह्यूमध्ये हॉटेलच्या दारात उभं राहा आणि चारी दिशांना शंभर मीटर चाला. काय शोधायचं? तळमजल्यावरचे पब आणि बार, फुटपाथवर मांडलेल्या खुर्च्या, अग्निशमन केंद्र, मोठं हॉस्पिटल, ट्रामचं वळण (सरळ रुळावर ट्राम गुपचूप जाते, वळणावर किंचाळते), सिग्नल, सुपरमार्केटचं माल उतरवायचं मागचं दार, काचेच्या बाटल्या टाकायचे डबे, क्रेन. क्रेन उपग्रह चित्रात दिसते, पण चित्र जुनं असू शकतं, म्हणून ताज्या रिव्ह्यूंमध्ये बांधकामाचा उल्लेख आहे का तेही बघा.

बार दिसला तर त्याच्यावर बोट ठेवून बंद व्हायची वेळ आणि कुठल्या वारी, किती वाजता गर्दी असते ते बघा. अकराला बंद होणारा पब आणि पहाटे चारपर्यंत चालणारा क्लब यांत जमीनअस्मानाचा फरक. लंडनच्या पबमध्ये लोक ग्लास घेऊन बाहेर फुटपाथवर उभे राहतात, त्यामुळे आत संगीत नसलं तरी बाहेर कल्ला असतोच. शुक्रवारी-शनिवारी काही भूमिगत लाइनी रात्रभर चालतात, तेव्हा सोहोच्या आसपास त्या दोन रात्री शांततेची अपेक्षाच करू नका. याउलट सिटी ऑफ लंडन, म्हणजे बँकांचा जुना भाग, शनिवार-रविवारी ओस पडतो. तिथली हॉटेलं कामावर आलेल्या लोकांसाठी असतात, म्हणून शनिवार-रविवारी बरेचदा स्वस्तही मिळतात. जवळची काही खाण्याची ठिकाणं तेवढी बंद असतात.

बँकॉकमध्ये खाओ सान रोड आणि सुखुमवित सोय ११ झोपण्यासाठी नाहीत. नदीकाठचं हॉटेल शांत असेल असं वाटतं, पण चाओ फ्राया नदीवरच्या लांबट बोटींना ट्रकसारखं इंजिन असतं आणि रात्री जेवणाच्या बोटी गाणी लावून फिरतात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये उभे ॲव्हेन्यू गोंगाटाचे आणि आडव्या स्ट्रीट त्या मानाने शांत, म्हणून दोन ॲव्हेन्यूंच्या मधोमध आडव्या गल्लीतलं हॉटेल बघा. क्वीन्समधल्या लाँग आयलंड सिटीत स्वस्त हॉटेलं भरपूर आहेत. तिथे ७ नंबरची गाडी डोक्यावरच्या पुलावरून जाते आणि न्यूयॉर्कची सबवे चोवीस तास चालते. टोकियोत पुलावरच्या गाड्यांचं तसं नाही, साधारण एक ते साडेचार त्या बंद असतात.

इस्तंबूलला पहाटेची अजान सगळ्या गाइडांमध्ये लिहिलेली असते. तिथले समुद्रपक्षी मात्र कोणी सांगत नाही. सुलतानअहमत या जुन्या भागातल्या गच्च्यांवर ते रात्रभर भांडतात. दुबईत बर दुबई आणि देराच्या जुन्या हॉटेलांमध्ये आवाज गल्लीतून नाही, हॉटेलच्याच पोटातून येतो. एकेका इमारतीत दोन-दोन तीन-तीन नाइट क्लब असतात. हॉटेलच्या पानावर ‘एंटरटेनमेंट’खाली किती नावं आहेत ते मोजा.

तारखाही तपासा. २१ जूनला सगळं पॅरिस रस्त्यावर वाद्यं घेऊन उतरतं. १३ ते १५ एप्रिल बँकॉकमध्ये सोंगक्रान, म्हणजे सीलोम आणि खाओ सानला दिवसभर पाण्याची लढाई. सिंगापूरची फॉर्म्युला वनची शर्यत रात्री, मरिना बेच्या रस्त्यांवरूनच होते. ॲम्स्टरडॅमला २७ एप्रिलला राजाचा दिवस, ऑगस्टच्या शेवटच्या रविवार-सोमवारी लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये कार्निव्हल. या दिवशी तिथेच असावं असं वाटत असेल तर जरूर जा, पण मग शांत खोलीचा हट्ट सोडा आणि भाव दुप्पट धरा.

तुमचं घड्याळ आणि त्यांचं घड्याळ

हा मुद्दा फारसा कोणी बोलत नाही. आवाज किती आहे यापेक्षा तो तुम्ही झोपलेले असताना आहे का, हे महत्त्वाचं. आणि पहिले चार दिवस तुम्ही तिथल्या वेळेनुसार झोपत नसता.

लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. ठाण्यात रात्री अकराला झोपणाऱ्याला लंडनमध्ये संध्याकाळी साडेसहालाच पेंग यायला लागते. ताणून ताणून तो नऊपर्यंत टिकतो आणि आडवा होतो, नेमका तेव्हा खालचा पब भरात आलेला असतो. पहाटे तीन-साडेतीनला डोळे टक्क उघडे. मग साडेचारनंतर हीथ्रोची पहिली विमानं, पाचला कचऱ्याची गाडी, सहाला बिअरची पिंपं उतरवणं हे सगळं ऐकत पडायचं. म्हणजे युरोपला जाताना संध्याकाळ आणि पहाट शांत असलेली गल्ली हवी. जेवणाच्या हॉटेलांची गल्ली टाळा, ती अकरानंतर शांत झाली तरी तुमच्या उपयोगाची नाही.

जपान साडेतीन तास पुढे. तिथे उलटं. रात्री अकराला तुमच्या शरीराचे साडेसात वाजलेले असतात, झोप येत नाही. सकाळी उठवत नाही. तिथे त्रास सकाळचा. नऊला शेजारच्या खोल्यांची साफसफाई सुरू होते, बांधकामाचं काम सुरू होतं, पूर्वेची खिडकी असेल तर उन्हाळ्यात साडेचारलाच उजेड. जपानला जाड पडदे आणि साफसफाईच्या खोलीपासून लांबची खोली मागा. सिंगापूर अडीच तास पुढे, बँकॉक दीड, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

‘आम्हाला काय, आम्ही रुळाशेजारी राहतो, फास्ट लोकल गेली तरी जाग येत नाही’ असं म्हणणारे आपल्याकडे खूप. खरं आहे, पण ती सवय त्या लोकलची आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जागा राहतो आणि अनोळखी आवाजाला लगेच प्रतिसाद देतो. लोकलला न जागणारा माणूस अनोळखी लिफ्टच्या टिंगने उठतो, त्याला इलाज नाही.

इमारत आणि खिडकी

भिंतीतून आवाज कमी येतो, खिडकीतून जास्त. त्यामुळे खिडकीला दुहेरी काच आहे का हा पहिला प्रश्न. हॉटेलच्या माहितीत ‘साउंडप्रूफ रूम’ असं लिहिलेलं असतं, ते हॉटेलने स्वतःच टिचकी मारून भरलेलं असतं, त्यावर विसंबू नका.

आणि दुहेरी काच असून भागत नाही. युरोपातल्या कितीतरी जुन्या हॉटेलांत एसी नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये पॅरिस, लंडन, बर्लिनला पस्तिशीच्या पुढे पारा गेला की खिडकी उघडावीच लागते, आणि उघडली की दुहेरी काचेचा उपयोग शून्य. मे ते सप्टेंबर या काळात युरोपात जाणार असाल तर एसी आहे का हे ठळक विचारा. ‘एअर कूलिंग’ असं मोघम लिहिलेलं असेल तर पुन्हा विचारा, फिरता पंखाही त्यात मोडतो. आपली शाळांची सुट्टी मे महिन्यात, तेव्हा थोडं बरं असतं.

रस्त्याकडची खोली की आतल्या बाजूची? पॅरिस, व्हिएन्ना, बार्सिलोना इथल्या जुन्या इमारतींना वाड्यासारखा मधला चौक असतो. चौकाकडची खोली अंधारी पण बहुधा शांत. दोन अपवाद आहेत. चौकात हॉटेलच्या किंवा खालच्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराचा धुराडा किंवा एसीची बाहेरची यंत्रं बसवली असतील तर ती रात्रभर घरघरतात. आणि चौकात नाश्त्याची टेबलं मांडत असतील तर सकाळी सातपासून बशा-चमच्यांचा आवाज घुमतो. उपग्रह चित्रात चौक वरून दिसतो, यंत्रंही दिसतात. बघून घ्या.

लंडनच्या स्वस्त हॉटेलांत ‘लोअर ग्राउंड’ म्हणजे तळघर. खिडकी असते, पण समोर भिंत आणि वर लोकांचे पाय. जुन्या जपलेल्या इमारतींत लिफ्ट बसवायला परवानगी सहजी मिळत नाही, त्यामुळे चौथ्या मजल्यावरची खोली चार जिने चढूनच. ब्रिटन आणि युरोपात आपल्यासारखंच तळमजल्यानंतर पहिला मजला मोजतात. जपान आणि अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात, म्हणून तिथला दुसरा मजला म्हणजे आपला पहिला.

उंच मजला मागावा का? हो, माणसांच्या आणि रिक्षा-टॅक्सीच्या आवाजासाठी सातव्या-आठव्याच्या वर फरक पडतो. सायरन वरपर्यंत येतो. अगदी शेवटचा मजला मात्र नको, त्याच्या डोक्यावर गच्चीतला बार, पोहण्याचा तलाव किंवा लिफ्टचं यंत्र असू शकतं. व्यायामशाळेखालची खोलीही नको. सकाळी सहाला कोणीतरी वजन खाली टाकणारच.

सिंगापूरच्या स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास विकतात. लोक त्यांना नाकं मुरडतात. दिवसभर बाहेर फिरून फक्त झोपायला येणाऱ्यासाठी ती कधीकधी सगळ्यात शांत खोली असते. दोन-तीन रात्रींसाठी मी घेईन. आठवडाभरासाठी नाही, आणि कोंडल्यासारखं वाटणाऱ्या माणसासाठी तर मुळीच नाही.

टोकियोत खोलीचं क्षेत्रफळ आवर्जून वाचा. १२ ते १५ चौरस मीटर ही तिथली साधी खोली, म्हणजे १३० ते १६० चौरस फूट, त्यात बाथरूम धरून. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. ‘सेमी डबल’ पलंग साधारण १२० सेंटिमीटर रुंद असतो, दोघांसाठी तो विकतात, पण दोघांनी घेऊ नये.

रिव्ह्यू वाचायची पद्धत

सरासरी आकडा जवळजवळ निरुपयोगी. स्वच्छता, नाश्ता आणि हसतमुख रिसेप्शनिस्ट यांच्या जोरावर गोंगाटाचं हॉटेलही साडेआठला जातं. रिव्ह्यू ‘नवे आधी’ असे लावा आणि वर्षभरातलेच वाचा. मग शोधायच्या चौकटीत इंग्रजीतले नॉइज, स्ट्रीट, थिन वॉल्स, लिफ्ट, बेसमेंट, कन्स्ट्रक्शन हे शब्द एकेक टाका. फ्रान्समधल्या हॉटेलासाठी फ्रेंच लोकांचे रिव्ह्यू, जर्मनीसाठी जर्मन लोकांचे भाषांतर लावून वाचा. स्थानिक माणूस आपल्या देशातल्या आवाजाबद्दल उगाच तक्रार करत नाही. त्याने केली तर ती धरायची.

तक्रारीत खोलीचा नंबर किंवा बाजू असेल तर ती सोन्यासारखी. ‘तिसऱ्या मजल्यावर रस्त्याकडची खोली मिळाली, रात्रभर झोप नाही’ हे वाचून हॉटेल रद्द करायचं नसतं, दुसऱ्या बाजूची खोली मागायची असते. पण वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या मजल्यांवरचे लोक भिंती पातळ असल्याचं सांगत असतील तर ती इमारतच तशी आहे. पुढचं हॉटेल बघा.

आपल्या लोकांचे रिव्ह्यू जेवणाबद्दल वाचावेत. केटल आहे का, छोटा फ्रिज आहे का, जवळ भारतीय दुकान कुठे, हे तेच लिहितात. युरोपातल्या खोल्यांत केटल असतेच असं नाही, आणि तिच्याशिवाय बॅगेतल्या तयार उपम्याची पाकिटं परत ठाण्याला येतात.

बुकिंग

शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाच्या, अर्जाला सगळ्या रात्रींच्या राहण्याचा पुरावा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यामुळे विनाशुल्क रद्द करता येणारंच बुकिंग घ्या, थोडं महाग असलं तरी. व्हिसा आल्यावर भाव पुन्हा बघा, उतरला असेल तर नवं करून जुनं रद्द करा. रद्द करायची मुदत हॉटेलच्या शहराच्या वेळेने मोजतात. टोकियोतली रात्री बाराची मुदत आपल्याकडे साडेआठलाच संपते.

हॉटेलवर द्यायचा शहराचा कर वेगळा असतो. ॲम्स्टरडॅममध्ये तो २०२४ पासून खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे, दुबईत हॉटेलच्या दर्जाप्रमाणे खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहॅम. कार्ड देताना रुपयांत पैसे घेऊ का असं यंत्र विचारतं, तेव्हा नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात द्या. रुपयांचा दर यंत्रवाले स्वतःच्या सोयीचा लावतात.

हॉटेलला लिहा, आणि पोचल्यावर बघा

बुकिंग झाल्यावर आणि जायच्या चार-पाच दिवस आधी हॉटेलला थेट, छोटी इमेल करा. ‘शांत खोली द्या’ एवढंच लिहिलं तर काही होत नाही, सगळेच तसं लिहितात. नेमकं लिहा. रस्त्याकडची नको, आतल्या बाजूची चालेल. लिफ्टशेजारची नको. शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलेली नको, ते दार भिंतीपेक्षा पातळ असतं. अमुक मजल्याच्या वरची. बरोबर सत्तरीचे आईवडील आहेत, अमुक तारखेला सकाळी इतक्या वाजता पोचतो. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं सकाळी उतरतात आणि खोली दुपारी दोन-तीनला मिळते, म्हणून बॅगा ठेवायची सोय आणि खोली लवकर मिळेल का, हेही त्यातच विचारा. ज्येष्ठ बरोबर असतील तर आदल्या रात्रीपासून खोली घेणं महागडं पण शहाणपणाचं.

खोली मिळाली की बॅग उघडायच्या आधी दोन मिनिटं द्या. खिडकी बंद करून एसी लावून उभं राहा, मग एसी बंद करून. भिंतीला कान लावायची गरज नाही, दाराबाहेर काय आहे ते बघा. बर्फाचं यंत्र, साफसफाईची खोली, लिफ्ट. नको असेल तर तेव्हाच खाली जाऊन बदलून मागा. बॅगा उघडलेल्या नसतात, खोली अजून वापरलेली नसते, म्हणून त्यांनाही ते सोपं जातं. आपल्याकडे ‘जाऊ दे, दोन दिवसांचा तर प्रश्न’ म्हणून गप्प बसायची सवय आहे. तसं करू नका.

कानात घालायचे फोमचे बोळे घरूनच न्या, ठाण्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. दाराखालच्या फटीला टॉवेल लावला की कॉरिडॉरचा आवाज बराच कमी होतो. बारच्या ढोलासारख्या खालच्या सुरावर मात्र यातलं काही चालत नाही, तो भिंतीतून आणि पलंगातून येतो, त्यासाठी खोलीच बदलावी लागते. रात्री शेजारी धिंगाणा असेल तर त्याच वेळी रिसेप्शनला फोन करा. सकाळी तक्रार करून फक्त माफी मिळते, रात्री दोनला केली तर रखवालदार येतो, आणि खोली रिकामी असेल तर त्याच वेळी दुसऱ्या मजल्याची चावी मिळते.